दसऱ्याला पूजलेली डिस्क

"केवढ्याले पडन?" आणि "पळन किती?"

एकतीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसलो. त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं मी हे दोनच प्रश्न ऐकले. गिऱ्हाईक कामठीचं असो की कुहीचं, वकील असो की झेरॉक्सवाला, काउंटरवर कोपर टेकवून आधी एक विचारणार, मग दुसरा. तिसरा प्रश्न गिऱ्हाइकाला सुचत नसे. तो विचारणं माझं काम होतं. मलाही तो बरीच वर्षं सुचला नाही, आणि त्यातल्या एका वेळेपायी हा लेख लिहायला बसलो आहे. नाहीतर माझ्यासारख्या स्क्रूड्रायव्हरवाल्याला दिवाळी अंकात काय काम?

दुकान सीताबर्डीत होतं, एका इमारतीच्या जिन्याखाली. आत दोन माणसं बसली की तिसऱ्यानं उभं राहायचं. मागच्या वर्षी माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, तेव्हा बंद केलं.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी आधी धंदा सोपा करून सांगतो. कॉम्प्युटरमध्ये तुमचे फोटो, पत्रं, बिलं जिथे साठतात ती डिस्क. जुन्या डिस्कमध्ये तबकडी गरगर फिरते आणि एक दांडा तिच्यावरून वाचत जातो. नव्या डिस्कमध्ये, म्हणजे सगळे जिला एसएसडी म्हणतात तिच्यात, काहीच फिरत नाही. बारीक बारीक खोल्या असतात आणि त्यांत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो. फिरणं नाही म्हणून थांबणंही नाही. दोन-दोन मिनिटं डोळे चोळत उठणारा म्हातारा कॉम्प्युटर ही डिस्क बसवली की टुणकन उठतो.

हे टुणकन उठणं दाखवायची मला भारी हौस. आमच्या शाळेच्या पीटीच्या सरांनी निवृत्त होताना मला त्यांचं स्टॉपवॉच दिलं होतं. ते काउंटरमागच्या खिळ्याला टांगलेलं असायचं. डिस्क बदलून झाली की मी ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचो आणि म्हणायचो, "मी बटन दाबतो, तुमी घडी दाबा." चौदा सेकंद, पंधरा सेकंद. माणूस एकदा घडीकडे बघे, एकदा पडद्याकडे, आणि हसे. त्या हसण्यावर मी जगलो असं म्हटलं तरी चालेल. पैशावर जगलो असं म्हणावं एवढे पैसे त्यात नव्हते.

आता भावाचं. दोन डब्यांवर एकच आकडा छापलेला, साठा तेवढाच, वेग तेवढाच, आणि एक दुसरीच्या निम्म्या किमतीत. काहून? तर महागातली डिस्क एका खोलीत एक-दोन, फार तर तीन भाडेकरू ठेवते, स्वस्तातली चार कोंबते. दाटीवाटीत भांडणं लवकर होतात, भिंती लवकर खराब होतात. शिवाय डब्यावरचा वेग पहिल्या काही मिनिटांचा असतो. मोठी फाइल टाकली की स्वस्त डिस्क अर्ध्या वाटेत धापा टाकायला लागते. रोजच्या कामात हा फरक बहुतेकांना कधी कळत नाही, आणि तेच अवघड आहे. काउंटरवर दोन्ही सारख्याच पळतात.

लोकही तऱ्हेतऱ्हेचे. एक वकीलसाहेब सगळ्यात महागाची, च्युइंगगमच्या पट्टीसारखी पातळ डिस्क घेऊन आले. त्यांच्या कॉम्प्युटरला ती खोचायला जागाच नव्हती. "कुठंतरी बसवा ना, एवढीशी तं हाय," म्हणाले. मी म्हटलं, साहेब, रेल्वेचं इंजिन घेतलं, आता रूळ आणा. गांधीबागेतल्या एका कापडवाल्यानं फोनवर मागवलेली भली मोठ्या साठ्याची डिस्क आणली, चहा-समोशाच्या भावात मिळालेली. उघडली तर आत मोबाइलचं एक मेमरी कार्ड फेविकॉलनं चिकटवलेलं आणि वजन यावं म्हणून लोखंडाचा एक वायसर. त्यानं वायसर खिशात टाकला. म्हणाला, "एवढा तरी असली हाय."

असल्या गोष्टी सांगत मी पानं भरू शकतो. पण मला धकाते नवरा-बायकोबद्दल सांगायचं आहे.

तुळशीराम धकाते कामठीचे. आजूबाजूला सगळीकडे पॉवरलूमचा खडखडाट, आणि यांच्या घरी टिनाच्या खोलीत एक हातमाग. ते साडीच्या काठाची नक्षी काढत. चौकटींच्या कागदावर एकेक घर काळं करायचं, एकेक पांढरं सोडायचं. त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात, ते पत्ते मागावर चढवतात आणि मग काठ उतरतो. पत्ते चार-दोन वर्षांत मोडतात. नवे पाडायचे तर मूळ कागद लागतो. त्यांच्या कागदांना वाळवी लागली. म्हणून साठीनंतर माणूस कॉम्प्युटर शिकला आणि दीडशेच्या वर काठ त्यात उतरवून घेतले. ते सगळं झाल्यावर एक नवा काठ मांडायला घेतला होता, आजवरच्या सगळ्यांत मोठा.

ते दुकानात आले त्या जानेवारीत त्यांचा उजवा हात थरथरत होता. कंपवाताची सुरुवात झाली होती. सोबत कुसुमताई, त्यांच्या मंडळी. बोलणं सगळं त्याच करत होत्या.

"मेश्रामभाऊ, मशीन लय हळू झाली. मी घरं बोलते अन् हे दाबतात. तीन काळी, एक पांढरी, असं. मी बोलून जाते अन् मशीन तिथंच अडून राहते. मंग ह्यायची जागा चुकते. पुन्हा पयल्यापासून."

"रोज किती वेळ बसता?"

"हात जेवढा वेळ आयकते तेवढा," धकाते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "डाक्टरनं सांगतलं, हात काही सुधराचा नाई. थोडी घाई हाय."

आजवर माझ्याकडे वेग मागायला आलेल्यांत ज्याला तो खरोखर हवा होता असा हा एक माणूस. मी दोन डिस्क काउंटरवर ठेवल्या, एक महागातली, एक स्वस्तातली. फरक सांगितला, भाडेकरूंचा दृष्टांत दिला. कुसुमताईंनी पदराची गाठ सोडून पाहिलं. महागातलीला पुरत नव्हतं.

"पळाले दोन्ही सारख्याच?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या कामाले अगदी सारख्या."

हे खरं होतं. मग त्यांनी विचारलं, "अन् जपून राहीन ना आतलं? ह्यायचं सारं आयुष्य हाय त्यात."

मी म्हणालो, "वहिनी, तीन वर्षांची गॅरंटी हाय. निश्चिंत राहा."

गॅरंटी डिस्कची असते, आतल्या मालाची नसते. डिस्क बिघडली तर कंपनी नवी कोरी देते, कोरी. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी तेच उत्तर दिलं, कारण माझा हात स्टॉपवॉचकडे गेला होता.

आमच्या दुकानाची एक रीत होती. जुनी डिस्क काढली की वर्तमानपत्रात गुंडाळायची, वर नाव आणि तारीख घालायची आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. "घरी पडू द्या, खात नाही पित नाही." त्या दिवशी स्वस्तातली डिस्कही थोडी जड जात होती. धकाते म्हणाले, जुनी तुम्ही ठेवून घ्या, तेवढे कमी करा. जुनी आधीच कटकट आवाज करत होती. मी कमी केले. पुढे महिनाभरानं, कुणाचं खाजगी बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही करतो तसे तिच्यावर हातोड्याचे दोन घाव घातले आणि ती भंगारात दिली.

धकात्यांनी उजव्या हातात स्टॉपवॉच धरलं. हात थरथरत होता म्हणून कुसुमताईंनी वरून आपला हात धरला. दोघांनी मिळून बटण दाबलं. चौदा सेकंद. धकाते लहान पोरासारखे हसले. ते हसणं पुढे कित्येक दिवस मी लोकांना सांगत होतो.

दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये ते गेल्याचं कानावर आलं. मी जाऊन आलो. काठ पूर्ण झाला होता, एवढं कुसुमताई म्हणाल्या. बरं वाटलं. मनात म्हटलं, आपले चौदा सेकंद कामी आले.

त्यानंतर दोन उन्हाळे गेले. एका जुलैत कुसुमताई एकट्याच दुकानात आल्या. कामठीहून शेअर ऑटोत मांडीवर कॉम्प्युटर घेऊन, कोऱ्या कापडात गुंडाळलेला.

"चालू होऊन नाई राहिला, भाऊ. मागावर बसाव म्हणते आता. त्यायचा शेवटचा काठ एकदा विणाचा हाय. एकदाच. बाकीचे गेले तं गेले, थो एक पायजे."

मी कापड सोडलं. डब्यावर कुंकवाचं बोट होतं. झाकण उघडलं तर आत, पंख्याच्या जाळीत, झेंडूची वाळलेली पाकळी.

"हे काय, वहिनी?"

"दसऱ्याले मागाची पूजा करतो ना आमी. त्यायचं हत्यार म्हणून याचीबी केली. दोन दसरे. कोणाले हात नाई लावू दिला मी. पिन काढून, झाकून ठेवला होता."

दसऱ्याला मी दीक्षाभूमीवर असतो. आजूबाजूचे दुकानदार त्या दिवशी स्क्रूड्रायव्हरला फूल वाहतात, हे जाता-येता वर्षानुवर्षं पाहिलेलं. हत्यार पुजायचं आणि त्या दिवशी वापरायचं नाही, ही रीतही माहीत होती. पण कुणी डिस्कही पूजेल आणि बंद ठेवूनच जपेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मी डिस्क दुसऱ्या मशीनला लावली. डिस्क जिवंत होती. आत फाइलींची नावं दिसत होती, काही उघडत होत्या, काही नाही. शेवटचा काठ उघडत नव्हता.

आता हे काय होतं ते सांगतो. खोल्यांत कोंडलेला विजेचा भार कायमचा राहत नाही, हळूहळू झिरपतो. डिस्क चालू असली की ती स्वतःच अधूनमधून घर आवरते, झिरपलेलं पुन्हा भरून घेते. बंद राहिली की कोण आवरणार? सगळ्याच डिस्क अशा जातात असं नाही, पुष्कळ वर्षानुवर्षं टिकतातही. पण स्वस्तातली, खोलीत चौघे कोंबलेली, दीड वर्ष रोज घासलेली, आणि मग टिनाखाली नागपूरचे दोन उन्हाळे बंद. तिच्याकडून किती अपेक्षा करायची? हे मी वाचलेलं होतं. विकताना सुचलं नाही. लोक कॉम्प्युटर वापरायला घेतात, ठेवायला घेतात असं मला कधी वाटलंच नव्हतं.

खोटं बोलता आलं असतं. गॅरंटी संपली, नशीब, वीज कमीजास्त झाली, काहीही चाललं असतं. पण त्या माझ्याकडे ज्या विश्वासानं बघत होत्या, ते बघणं मला सोसवेना.

म्हटलं, "वहिनी, शेवटचा काठ उघडून नाई राहिला. माझी चूक हाय. तुमाले एक गोष्ट सांगाले पाहिजे होती. महिन्यातून एकदा चालू करा, थोडा वेळ राहू द्या, मग बंद करा."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी ती वाळलेली पाकळी उचलून तळहातावर घेतली. मग म्हणाल्या, "फूल वाहलं मी दोन्ही वेळा. हात जोडले. तुमी सांगतलं असतं तं बटनबी दाबलं असतं ना, भाऊ."

कापडाची घडी करून त्या निघून गेल्या. मी अनेकांची शिवीगाळ ऐकली आहे, एकानं कीबोर्ड फेकून मारला होता. त्यातलं काही मला लागलं नाही. हे लागलं. महागाची डिस्क त्यांना परवडत नव्हती, पण ते वाक्य फुकट होतं.

मी डिस्क जोडून ठेवली. अशा वेळी घाई करून चालत नाही. एकेका खोलीचं दार पुन्हा पुन्हा ठोठावायचं. दहादा आतून ओ येत नाही, अकराव्यांदा येते. जेवढं मिळेल तेवढं लगेच दुसरीकडे उतरवून घ्यायचं आणि पुन्हा ठोठावायचं. एकोणीस दिवस ते मशीन मी बंद केलं नाही. स्टॉपवॉच खिळ्यावरून काढून खणात टाकलं.

जुने काठ बहुतेक आले. शेवटचा अर्धा आला. वरचा भाग स्वच्छ, मोराच्या मानेसारखी वळत जाणारी वेल, आणि मध्यापासून खाली नुसता राखाडी पडदा. विसाव्या दिवशी फोन करून कुसुमताईंना बोलावलं. जेवढं आहे तेवढं तरी दाखवावं म्हणून.

त्या पडद्यासमोर बसल्या. चष्मा लावला. नक्षी जिथे तुटली होती त्या ओळीवर बोट ठेवलं. ओठ हलायला लागले. मला वाटलं रडतायत. मी पाणी आणायला उठलो तर आवाज आला.

"पाच काळी, दोन पांढरी, एक काळी, दोन पांढरी, पाच काळी..."

मी वळून पाहिलं. डोळे मिटलेले होते.

"वहिनी?"

"लिवा," त्या म्हणाल्या. "मी बोलते, तुमी दाबा."

मी माऊस हातात घेतला. चार दिवस, अकरा ते चार, दुकान अर्धं उघडं ठेवून आम्ही बसलो. शाळेत पाढे म्हणतात त्या चालीवर त्या घरं बोलत गेल्या. अडल्या की मधूनच पुढे जाता येत नसे. ओळीच्या पहिल्या घरापासून पुन्हा सुरुवात करायच्या आणि अडलेलं आपोआप तोंडात यायचं. तीन ओळी मात्र आल्याच नाहीत. त्या त्यांनी वरच्या-खालच्या वेलीकडे पाहून स्वतः बसवल्या.

चौथ्या दिवशी शेवटचं घर काळं केलं आणि मी मान खाली घातली. म्हटलं, "वहिनी, मी तुमाले पळणारी डिस्क देली, टिकणारी नाई देली."

त्यांनी चष्मा काढला. "तसं नका म्हणू. आधीची मशीन राहिली असती तं घडीघडी थांबाव लागलं असतं. तुमी ते डिस्क लावली अन् मी बोलत गेली, ते दाबत गेले. कुठंच थांबाव नाई लागलं. म्हणून तं तोंडात बसलं." मग चष्मा पुसता पुसता म्हणाल्या, "पण सांगाले पायजे होतं तुमी."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि दोन्ही त्यांनीच सांगितल्या. माझ्या एकतीस वर्षांचा निवाडा इतका नीट कुणी केला नव्हता.

त्यांच्या मशीनमध्ये मी महागातली डिस्क घातली. किमतीचं बोलणं त्यांनी काढलं, मी पुढे जाऊ दिलं नाही. जुन्या पद्धतीच्या फिरत्या तबकडीवर एक प्रत उतरवली, वर्तमानपत्रात गुंडाळली, वर नाव आणि तारीख घातली. आणि स्टॉपवॉच त्यांना दिलं. म्हटलं, दर महिन्याच्या एक तारखेला चालू करायचं, घडी लावायची आणि मला फोनवर आकडा सांगायचा. पुढे दुकान बंद होईपर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तिसरा प्रश्न विचारत राहिलो. "ही बंद किती दिवस राहीन?" लोक हसायचे. "बंद ठेवाले कोणी घेते का गा?" घेतात.

एक तारखेला सकाळी दहाच्या आत फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "चौदा, भाऊ." कधी "पंधरा." मी म्हणायचो, "बरं." फोन बंद. दुकान बंद झालं तरी फोन चालू होता.

गेल्या एक तारखेला फोन आला नाही. अकरा वाजले, बारा वाजले. मी लावला तर कुणी उचलेना. दुसऱ्या दिवशीही तेच. मी हे कुणाला सांगितलं तर हसतील, पण मला घरी बसवेना. त्यांचंही वय झालेलं. गुडघ्यांना पट्टे बांधले आणि शेअर ऑटोनं कामठी गाठली.

टिनाच्या खोलीचं दार उघडं होतं. बाहेर चपला काढतानाच आतून त्यांचा आवाज आला. "चार पांढरी, एक काळी, एक पांढरी, एक काळी..." मला वाटलं कुणी शेजारी बसलंय. मी दारातून डोकावलो.

मागावर साडी अर्धी उतरलेली होती, काठावर मोराच्या मानेची ती वेल. राखाडी पडद्यातून काढलेला अर्धा भाग कुठे सुरू होतो ते मला माहीत असूनही ओळखता आलं नाही. कॉम्प्युटर चालू होता. त्याच्यासमोर कुसुमताई एकट्याच होत्या, पडद्यावर दुसरीच कुठली तरी नक्षी, जेमतेम वीतभर झालेली. स्टॉपवॉच धकात्यांच्या फोटोखाली खिळ्याला टांगलेलं होतं.

"फोन नाई केला, वहिनी?"

त्यांनी दचकून पाहिलं, मग हसल्या. "अगंबाई, काल एक तारीख होती नाई का! ध्यानातच नाई राहिलं, भाऊ. फोनबी तिकडं घरात पडून असते. आता रोजच चालू राहते ना हा."

"कोणता काठ आहे हा?"

"अजून नाव नाई ठेवलं. माहा हाय." त्यांनी माऊसवरचा हात पदराला पुसला. "बसा तुमी. आता बोलते बी मीच अन् दाबते बी मीच."

त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. मी दाराजवळच्या स्टुलावर बसलो आणि ओळ पूर्ण होईपर्यंत ऐकत राहिलो.